वाघोटणच्या तळाशी

पांढुर्णा आणि सौंसर या गावांपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. जामचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि पुढे प्राणहिता व गोदावरी यांच्या प्रवाहातून ते अखेर बंगालच्या उपसागरात जाते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु या पाण्यावर आपल्या मुलखात कोणी लढाऊ तारवे हाकारली नाहीत. संत्र्यांच्या बागा, कपाशी-ज्वारीची शेते आणि सातपुड्याच्या उतरणी यांतच येथील माणसाचे आयुष्य जाते. अशा प्रदेशातील श्रोत्यांना नदीत बुडालेल्या एका आरमाराची हकीकत सांगावयाची म्हणजे थोडे धाडसच होय. तथापि ही हकीकत जितकी कोकणची आहे, तितकीच नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडणाऱ्या या मुलखाचीही आहे. ती कशी, हे ओघाने येईलच.

देवगड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छिंदवाड्याच्या डोंगरातील गोंड राजांची जुनी राजधानी उभी राहते. याच नावाचे दुसरे गाव कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्या देवगड तालुक्यात, वाघोटण नदी जेथे अरबी समुद्राला मिळते तेथे, विजयदुर्गाचा किल्ला उभा आहे. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रज त्याला ‘घेरिया’ म्हणत. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत हा किल्ला आहे. प्रवासी तो पाहावयास जातात, तटावरून समुद्राकडे पाहतात आणि परततात. पूर्वेला, तटाच्या आतल्या अंगाला, नदीचे संथ आणि गढूळ पाणी असते. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आजचा विषय ते पाणी आहे. १२ फेब्रुवारी १७५६ च्या सायंकाळी त्या पाण्यावर मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार जळाले आणि बुडाले.

या आरमाराची पुण्याई कान्होजी आंगरे यांची. सरखेल कान्होजींनी आपल्या हयातीत मुंबईकर इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांना कोकणच्या समुद्रावर दस्तक घेतल्यावाचून निर्धास्तपणे फिरू दिले नाही. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. परंतु आपल्या धन्याच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांपासून परवान्याची रक्कम घेणे, हा त्या काळी समुद्रावरील सत्तेचा सर्वमान्य प्रकार होता, आणि स्वतः पोर्तुगीज दोन शतके तेच करीत आले होते. १७२९ साली कान्होजी वारले. पुढे त्यांच्या मुलांत दुही माजली. मानाजी कुलाब्यास राहिले आणि संभाजी दक्षिणेकडील किल्ल्यांवर राहिले. संभाजींच्या मागून त्यांचे बंधू तुळाजी विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग यांचे धनी झाले.

तुळाजी हे मोठे कर्तबगार आणि तितकेच हट्टी पुरुष होते. १७४९ साली त्यांनी कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ नावाचे लढाऊ जहाज पाडाव करून आपल्या आरमारात सामील केले. १७५४ साली त्यांनी डचांच्या तीन जहाजांवर हल्ला केला. त्यांतील दोन जाळली आणि तिसरे पकडून आणले. त्यांची शक्ती मुख्यत्वे दोन प्रकारच्या जहाजांत होती. पहिला प्रकार गुराब. ते दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद बांध्याचे आणि पाण्यात कमी खोल बसणारे जहाज होते, व नाळेवरच्या तोफांनी ते समोर मारा करी. तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे तीनशे टनांचे असे. दुसरा प्रकार गलबत. ते क्वचितच सत्तर टनांहून मोठे असे, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर वारा पडला असतानाही चाले. वाऱ्याअभावी जागच्या जागी खिळलेल्या युरोपीय जहाजाला ही गलबते गाठीत, आपले गुराब ओढीत त्याच्या पिछाडीला आणीत, आणि जिकडे त्याच्या तोफा कमी तिकडून त्याला झोडपीत. उथळ खाड्या आणि मंद वारे यांच्या किनाऱ्यासाठी घडविलेली ही युद्धपद्धती होती, आणि तिच्या मर्यादेत ती फार परिणामकारक होती.

या जहाजांची दुरुस्तीही तेथेच होई. किल्ल्यापासून सुमारे दोन मैलांवर, वाघोटणच्या काठी, गिर्ये येथे खडक खोदून केलेल्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. तिची लांबी सुमारे १०९ मीटर व रुंदी सुमारे ७० मीटर आहे. चारशे-पाचशे टनांची जहाजे तेथे बांधली वा दुरुस्त केली जात, असे सांगतात. जमिनीवरचा हा पुरावा आणि नदीच्या पोटातला पुरावा असे दोन्ही मिळून एक आरमार पुरे होते.

आता भांडणाकडे वळू. तुळाजी पेशव्यांची सत्ता मानीत नव्हते, खंडणी देत नव्हते, आणि शेजारच्या मराठी संस्थानिकांच्या मुलखातही शिरत होते. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. छत्रपतींच्या राज्यात एका सरदाराने स्वतंत्र राजासारखे वागावे, हे कोणताही कारभारी फार काळ चालू देणार नाही. परंतु तुळाजींचा बंदोबस्त करण्यासाठी समुद्रावर बळ हवे होते, आणि पेशव्यांपाशी त्या तोडीचे आरमार नव्हते. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी बोलणे झाले, आणि १९ मार्च १७५५ रोजी गव्हर्नर रिचर्ड बोर्शियर यांच्या वेळी तह ठरला. मोहिमेत आरमाराची सूत्रे इंग्रजांकडे राहावयाची होती, पाडाव झालेली जहाजे दोघांत वाटून घ्यावयाची होती, आणि मोबदला म्हणून बाणकोट इंग्रजांना द्यावयाचे होते. या तहाचे मर्म पहिल्याच कलमात आहे. घरातले भांडण मिटविण्यासाठी आपण जे हत्यार उसने घेतले, त्याची मूठ आपल्या हाती नव्हती.

मोहिमेचा पहिला भाग झपाट्याने पार पडला. कमोडोर विल्यम जेम्स याने एप्रिल १७५५ च्या आरंभी सुवर्णदुर्ग घेतला. त्या वर्षाच्या अखेरीस याच जेम्सला विजयदुर्गाची टेहळणी करण्यास पाठविले गेले. तो किल्ल्याच्या जवळ गेला, पाण्याची खोली मोजली, आणि परत येऊन त्याने सांगितले की, या जागेचा दरारा जितका मोठा आहे तितकी ती अजिंक्य नाही, आणि मोठी जहाजे माऱ्याच्या टप्प्यात नेता येतील. विजयदुर्गाचा निम्मा पराभव त्या खोली मोजण्यातच झाला, असे म्हटले तरी चालेल. ज्याला आपल्या नदीची खोली ठाऊक झाली, त्याला आपल्या बळाचीही खोली ठाऊक झाली.

याच सुमारास योगायोगाने इंग्रजांचे मोठे बळ मुंबईत जमले. अॅडमिरल वॉटसन राजाच्या आरमारासह आला होता, आणि कर्नल क्लाइव्ह दुसऱ्याच एका मोहिमेसाठी विलायतेहून आणलेले सैन्य घेऊन उतरला होता. ती मोहीम रद्द झाली तेव्हा हे बळ विजयदुर्गाकडे वळविण्यात आले. निघण्यापूर्वीच लुटीची वाटणी कशी करावयाची याची इंग्रज अधिकाऱ्यांत चर्चा झाली. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी हा ताफा मुंबईहून निघाला. त्यात ७० तोफांचे ‘केंट’, ६६ तोफांचे ‘कंबरलँड’, तसेच ‘टायगर’, ‘सॉल्सबरी’, कंपनीचे ‘प्रोटेक्टर’ आणि कुलपी गोळे फेकणारी उखळी तोफांची जहाजे होती. बरोबर आठशे गोरे सैनिक आणि सुमारे एक हजार एतद्देशीय शिपाई होते.

ताफा ११ तारखेला विजयदुर्गापुढे आला, तेव्हा तुळाजी किल्ल्यात नव्हते. जमिनीच्या बाजूने रामाजी महादेव यांची फौज आलेली होती, आणि तुळाजी त्यांच्या छावणीत तहाचे बोलणे करण्यास गेले होते. किल्ला आपल्या एका आप्ताच्या हवाली करून ते निघाले होते, आणि त्यांची माता, पत्नी व मुले आतच होती. किल्ला परस्पर मराठ्यांच्या हाती पडला तर लूट हातची जाईल, हे वॉटसनने ओळखले. १२ तारखेच्या दुपारी समुद्राचा वारा सुटताच इंग्रजांची जहाजे दोन रांगांनी नदीच्या मुखात शिरली. एका रांगेने किल्ल्यावर आणि दुसरीने नदीतील आरमार व गोदीवर तोफा डागल्या.

तुळाजींचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, नदीत नांगरलेले होते. गुराबे एकमेकांना बांधून ठेवलेली होती. उघड्या समुद्रावर, मंद वाऱ्यात, शत्रूच्या पाठीमागून फिरणे हे ज्या जहाजांचे बळ, ती येथे दावणीला बांधलेल्या गुरांप्रमाणे उभी होती. चारच्या सुमारास उखळी तोफेचा एक कुलपी गोळा एका जहाजावर पडला आणि त्याने पेट घेतला. ते जहाज ‘रेस्टोरेशन’ होते, सात वर्षांपूर्वी इंग्रजांपासून जिंकून आणलेले. त्याच्यापासून शेजारचे पेटले, त्याच्यापासून पुढचे, आणि पाहता पाहता आठ-दहा मोठी जहाजे व साठेक गलबते यांचे ते सारे आरमार आगीच्या स्वाधीन झाले. कोकणच्या समुद्रावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ जो धाक होता, तो एका तासात वाघोटणच्या पाण्यात विझला.

रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवून किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधली जागा अडविली. दुसऱ्या दिवशी तोफांचा मारा पुन्हा सुरू झाला आणि १३ तारखेला किल्ला पडला. इंग्रजांकडील मृत आणि जखमी मिळून विसाच्या घरात होते. दोनशेहून अधिक तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज त्यांच्या हाती लागला. तो त्यांनी आपसांत वाटून घेतला, मराठ्यांना त्यातला वाटा मिळाला नाही. तहात वाटून घ्यावयाची म्हटलेली जहाजे तर राख झालीच होती. किल्लादेखील इंग्रजांनी लगेच सोडला नाही. १२ ऑक्टोबर १७५६ च्या नव्या तहानंतर तो पेशव्यांना मिळाला, आणि बाणकोट कायमचे इंग्रजांकडे गेले. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत पडले आणि त्यांचे उरलेले आयुष्य निरनिराळ्या किल्ल्यांवर बंदिवासात गेले.

नानासाहेबांनी मराठ्यांचे आरमार बुडविले, असे एका वाक्यात म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या वाक्यात तथ्य आहे, परंतु ते पुरे नाही. नानासाहेब त्या वेळी कर्नाटकच्या मोहिमेत गुंतले होते. आरमार जाळावे अशी त्यांची आज्ञा नव्हती, उलट जहाजे आपल्याला मिळावी अशीच त्यांची अपेक्षा होती. तुळाजींनीही समेटाची वाट फार उशिरा धरली. आणि मराठ्यांचे आरमार त्या दिवशी संपले, असेही नाही. पेशव्यांनी विजयदुर्गावर स्वतःचा आरमारी सुभा ठेवला, आणि त्याच आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ हे लढाऊ जहाज झुंजून पकडले. तरीही १७५६ ची हानी भरून निघाली नाही. मुंबईच्या इंग्रजांना ज्याची रोज भीती वाटावी असे बळ पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा उभे राहिले नाही. १८१८ साली विजयदुर्गही त्यांच्या ताब्यात गेला.

त्याच जहाजांचा पुढचा प्रवास पाहिला म्हणजे या दिवसाचे मोल अधिक कळते. वॉटसन आणि क्लाइव्ह येथून मद्रासकडे गेले, आणि तेथून बंगालमध्ये. मार्च १७५७ मध्ये चंद्रनगरच्या फ्रेंचांनी हुगळी नदीत जहाजे बुडवून इंग्रजांची वाट अडविण्याचा यत्न केला. परंतु ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॉल्सबरी’ ही विजयदुर्गावर आलेलीच जहाजे तो अडथळा टाळून आत शिरली, आणि चंद्रनगर पडले. तीन महिन्यांनी पलाशीची लढाई झाली. वाघोटणच्या मुखात जे साधले, तेच हुगळीत पुन्हा साधले. मोठी जहाजे नदीत शिरवावयाची, किल्ला समोरून झोडपावयाचा, आणि घरभेदाचा लाभ घ्यावयाचा.

आता एका वेगळ्या प्रश्नाकडे येतो. १२ फेब्रुवारीचा हा वृत्तान्त आपण कोणाच्या तोंडून ऐकतो? मुख्यत्वे जेत्यांच्या. अॅडमिरल वॉटसनच्या जहाजावरील शल्यवैद्य एडवर्ड आइव्हस याने आपल्या प्रवासवर्णनात तो लिहिला, इतिहासकार ऑर्म याने तो सांगितला, आणि मुंबईच्या दप्तरात त्याचे कागद राहिले. त्या जहाजांवर जे तांडेल, खलाशी, गोलंदाज होते, जे भंडारी, कोळी, दालदी, गाबीत होते, त्यांच्यापैकी कोणी लेखणी धरून ही हकीकत लिहून ठेवलेली आपल्या हाती नाही. त्यांची बाजू सांगणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे नदीचा तळ.

लाकडी जहाज जळते तेव्हा ते सगळे जळत नाही. आग पाण्याच्या रेषेपर्यंत खाली येते, जहाज भरते आणि बुडते. त्याचा तळ, तळाशी स्थैर्यासाठी भरलेले दगड, नांगर, तोफा, गोळे, खलाशांची भांडी हे सारे खाली जाते. खाऱ्या आणि उबदार पाण्यात लाकूड पोखरणारे जीव फार असतात, म्हणून उघडे पडलेले लाकूड काही वर्षांत नाहीसे होते. परंतु नदी गाळ आणते. जे त्या गाळाखाली लवकर झाकले जाते, त्याला हवा मिळत नाही आणि ते जीवही पोचत नाहीत. अशा ठिकाणी सागाची फळी शतकानुशतके टिकू शकते. जळून कोळसा झालेले लाकूडही टिकते, कारण कोळशाला कीड लागत नाही.

अशा शोधातून काय साधते, याची उदाहरणे जगात आहेत. स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धनौकांचे भूषण १६२८ साली पहिल्याच फेरीत बुडाले, आणि १९६१ साली जवळजवळ अखंड वर आले. तेथील थंड आणि कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव नव्हते. आपल्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील यादवी युद्धात ‘कैरो’ नावाची लोखंडी पत्र्यांनी मढविलेली युद्धनौका डिसेंबर १८६२ मध्ये याझू नदीत सुरुंगाने बुडाली. १९५६ साली एडविन बेअर्स या इतिहासकाराने दोन मित्रांसह, साध्या होकायंत्राच्या साह्याने, तिचा ठाव लावला. गाळाखालच्या लोखंडाने होकायंत्राची सुई हलली, आणि त्यावरून जागा कळली. १९६४ साली नौका वर काढताना तिचे तीन तुकडे झाले. तिच्यात खलाशांची शस्त्रे, भांडी, रोजच्या वापरातल्या वस्तू जशाच्या तशा होत्या. यादवीत बुडालेली ती नौका आज व्हिक्सबर्ग येथे त्या राष्ट्राच्या समाईक ठेव्याप्रमाणे जतन केलेली आहे.

आपल्याकडेही या विद्येचे जाणकार आहेत. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या पाणबुड्या संशोधकांनी मुरगाव उपसागराच्या तोंडाशी, सुंची खडकाजवळ, सतराव्या शतकातील एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष तपासले. तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी असे साहित्य तेथे सापडले. एका दाताने आफ्रिकेचा किनारा सांगितला, एका भांड्याने चीनचा, आणि जहाजाचा व्यापार कोठून कोठवर होता ते कागदावाचून कळले. याच संस्थेने विजयदुर्गाजवळ समुद्रात असलेल्या भिंतीचीही पाहणी केली आहे. आज ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढता येते, आणि चुंबकीय मापकाने गाळाखालच्या लोखंडी तोफेचा माग लागतो. बेअर्सच्या होकायंत्राचाच तो मोठा आणि तरबेज भाऊ होय.

वाघोटणच्या तळाला विचारण्याजोगे प्रश्न पुष्कळ आहेत. गुराबाची फळी फळीला कशी सांधलेली होती? कोकणच्या सुतारांनी युरोपीय बांधणीतून काय उचलले आणि काय नाकारले? तोफा कोठल्या होत्या? जहाजे किती अंतरावर आणि कशाने बांधलेली होती? बांधलेल्या जहाजांची रांग तळाशी तशीच पडलेली मिळाली, तर त्या संध्याकाळचे चित्र कोणत्याही बखरीपेक्षा स्पष्ट होईल. अशा जागी घाई करून चालत नाही. पाण्याखालच्या वारशाविषयी २००१ साली युनेस्कोचा जो करार झाला, त्याचे पहिले तत्त्व हेच आहे की, वस्तू शक्यतो जागच्या जागी सुरक्षित ठेवावी आणि वर काढण्याचा विचार नंतर करावा. गाळातून काढलेले लाकूड योग्य उपचारावाचून वाळले, तर ते तडकून व आक्रसून नष्ट होते. तेव्हा आधी तळाचा नकाशा, मग निरीक्षण, आणि अगदी अखेर उत्खनन, हाच क्रम योग्य. रेती उपसणे, बंदरासाठी गाळ काढणे ही कामे तेथे करण्यापूर्वी तळ तपासला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आता आरंभी सांगितलेली गोष्ट. या सर्वांशी पांढुर्णा-सौंसरचा संबंध काय? अठराव्या शतकाच्या मध्यापासून देवगडचे गोंड राज्य आणि त्याबरोबर हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे आला. रघूजी भोसले यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ च्या तहाने ओरिसा त्यांच्या पदरात पडला. म्हणजे ज्या राज्यात जाम आणि कन्हान वाहतात, त्या राज्याला समुद्रकिनारा लाभला. बालासोरसारखे बंदर मिळाले, जगन्नाथपुरी मिळाली. परंतु भोसल्यांचे बळ घोडदळाचे होते, समुद्रावर लढणारे आरमार त्यांनी उभारले नाही. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांची एक तुकडी समुद्रमार्गाने बालासोरला उतरली आणि दुसरी गंजामकडून पुरीवर आली. ऑक्टोबरात कटकचा बाराबाटी किल्ला पडला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत इंग्रजांकडे गेला, आणि बंगाल व मद्रास हे त्यांचे दोन्ही इलाखे किनाऱ्याने जोडले गेले. पुढे १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले.

आंगऱ्यांचे आरमार राहिले असते तर कटक वाचले असते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु समुद्राची विद्या ज्या घराण्याने तीन पिढ्या जतन केली, त्या घराण्याचे बळ मराठी राज्याच्या उपयोगी लावण्याची एक संधी वाघोटणमध्ये बुडाली, हे मात्र खरे. पुण्याने ती विद्या विजयदुर्गापुरती ठेवली, आणि नागपूरला तिची गरज ओळखता आली नाही. पश्चिम किनाऱ्यावर जळालेल्या आरमाराची झळ पूर्व किनाऱ्याला सत्तेचाळीस वर्षांनी लागली, ती अशी.

पांढुर्ण्याला नदीतील झुंज नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्यात दरवर्षी माणसे जायबंदी होतात, आणि तो प्रकार थांबावा असे म्हणणारेही येथे पुष्कळ आहेत. त्या झुंजीचे समर्थन येथे करावयाचे नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट जुन्या माणसांनी सांभाळली आहे. भांडण दोन काठांचे असते, संध्याकाळी झेंडा देवीच्या देवळात जातो, आणि दोन्ही गावे पुन्हा सोयरीक करावयास मोकळी राहतात. या भांडणात कोणी तिसऱ्याला बोलावीत नाही. १७५५ च्या मार्चमध्ये हा साधा गावगाड्याचा विचार मोठमोठ्या कारभाऱ्यांना सुचला नाही.

विजयदुर्गाला जाण्याचा योग आला, तर पश्चिमेच्या तटावरून समुद्र अवश्य पाहावा. परंतु थोडा वेळ पूर्वेकडेही जावे. ओहोटीच्या वेळी वाघोटणचे पाणी मागे सरते आणि काठचा काळा चिखल उघडा पडतो. त्या चिखलाच्या पलीकडे, पाण्याखाली, मराठी सुतारांनी घडविलेली आणि मराठी खलाशांनी हाकारलेली जहाजे बुडालेली आहेत. त्यांच्यावर तोफ परक्याने डागली, पण त्याला नदीची वाट आपणच दाखविली होती. ही गोष्ट आपण आपल्याच पुराव्याने, आपल्याच भाषेत, पुरती लिहून काढावी, एवढे ऋण त्या नदीचे आपल्यावर आहे.